होडीतली भांडी कोण घासतो?

गेल्या वर्षीच्या कोजागिरीची गोष्ट. घोरावाडीत आमच्या इमारतीच्या गच्चीवर दूध आटत होते, आणि ते आटेपर्यंत मंडळींना गुंतवून ठेवण्याचे काम माझ्याकडे आले होते. मी निवृत्त फिटर. भाषण हा काही माझा पिंड नव्हे. पण शिडाच्या होड्यांचे मला वेड आहे, आणि तेही सगळे वाचनातले. मी नौदलाच्या ‘तारिणी’ची हकीकत सांगायला घेतली.

१० सप्टेंबर २०१७ रोजी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा स्त्री-अधिकारी सतरा मीटर लांबीच्या त्या होडीतून गोव्याहून निघाल्या. ऑस्ट्रेलियातले फ्रीमँटल, न्यूझीलंडमधले लिटल्टन, फॉकलंड बेटांवरचे पोर्ट स्टॅन्ली, मग केपटाऊन. वाटेत केप हॉर्नला वळसा. पुढे सुकाणूची यंत्रणा बिघडल्यामुळे मॉरिशसला थांबावे लागले. २१ मे २०१८ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा करून सहाही जणी गोव्यात परतल्या. गच्ची तल्लीन झाली होती. मी ऐटीत विचारले, “कुणाला काही शंका?”

एका सद्गृहस्थांनी हात वर केला. “बाकी सगळं ठीक आहे हो, पण स्वयंपाक कोण करत होतं?”

गच्ची खदखदून हसली. मीही हसलो. आमची सौ. मात्र हसली नाही. ती डाव्या हाताने दूध ढवळत होती.

जिना उतरताना ती म्हणाली, “प्रश्न चांगला होता. तुम्ही उत्तर का नाही दिलंत?”

तेच उत्तर आज देतो.

सद्गृहस्थहो, होडीत स्वयंपाक ज्याची पाळी असेल तो करतो. वर्तमानपत्रात आपण वाचतो ते केप हॉर्न, डोंगराएवढ्या लाटा आणि फाटलेली शिडे. पण आठ महिन्यांच्या प्रवासात केप हॉर्न एकदाच येते. भांडी रोज येतात. होडी एका कुशीवर कललेली असते, म्हणून शेगडी दोन बाजूंच्या खुंट्यांवर झुलती ठेवतात. पातेले काठोकाठ भरायची सोय नाही. गोडे पाणी मोजून वापरायचे. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि शेवटी गोड्या पाण्याचा हात फिरवायचा. खाऱ्या पाण्यात धुतलेला कपडा पुरता वाळत नाही, कारण त्यातले मीठ हवेतली ओल ओढून घेते. पालेभाजी पहिल्या काही दिवसांत संपते. कांदे-बटाटे टिकतात, पण सडका बटाटा वेळीच उचलून टाकला नाही तर शेजारचे नासतात. बंदर लागले म्हणजे सुटी, असेही नाही. परमुलखात धान्याचे दुकान शोधा, गॅस भरा, धुणे उरका, शिड शिवून घ्या, झिजलेला बोल्ट बदला आणि पुन्हा निघा.

यातले मावळच्या गृहिणीला काय नवे आहे? जुलैत आमच्याकडे चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. तेच काम लाटांवर झाले की तो पराक्रम; ओट्याशी झाले की “आमची ही घरीच असते!”

कोणी म्हणेल, त्या बायका होत्या, त्यांना सवय होती. मग ‘म्हादेई’कडे पाहा. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली ही होडी घेऊन दिलीप दोंदे २००९-१० साली एकट्याने जगाला प्रदक्षिणा घालून आले. त्याच होडीतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी परतले. त्या वर्षीचे लक्ष्मीपूजन १३ नोव्हेंबरला होते. ते त्यांनी भर समुद्रातच काढले. यांची भांडी कोणी घासली? उत्तर उघड आहे. पण त्यांच्या बाबतीत तो प्रश्न आमच्या गच्चीला सुचला नसता. सुचला असता, तरी कोणी हसले नसते.

२ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘तारिणी’ पुन्हा निघाली. या खेपेला दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच होत्या. २९ मे २०२५ रोजी त्या परतल्या. दोन माणसांच्या होडीत एक निजली की दुसरीने जागायचे. आता मला सांगा, यात कोणी कोणाला ‘मदत’ केली?

माझे भांडण आहे ते या शब्दाशी. “मी बायकोला घरात मदत करतो,” असे आपण छाती फुगवून सांगतो. चौतीस वर्षे मी घोरावाडीच्या फलाटावरून लोकल पकडून पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पाळीला गेलो. पण कंपनीला मदत करायला जातो, असे कधी म्हणालो नाही. मदत पाहुणा करतो. जो त्याच होडीत बसला आहे, त्याची पाळी असते.

हे शहाणपण मला उशिरा सुचले. तीन वर्षांपूर्वी सौ.चे उजवे मनगट मोडले. सहा आठवडे मी पोळ्या लाटल्या, धुणी धुतली. शेजारीपाजारी म्हणू लागले, “किती करता हो वहिनींसाठी!” चाळीस वर्षांत तिला हे कोणी म्हटले नव्हते. मला मात्र ते फार आवडले. आणि प्लॅस्टर निघाले त्याच संध्याकाळी “सुटलो बुवा” म्हणून मी ओटा तिच्या स्वाधीन केला. तिचा हात तेव्हा पुरता वळत नव्हता. अजूनही वळत नाही. गच्चीवर ती डाव्या हाताने का ढवळत होती, हे हसणाऱ्यांत एकट्या मलाच ठाऊक होते.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दाराला तक्ता लावला: सकाळचा चहा, भांडी, धुणे, दळण, बाजार, पुढे नाव आणि वार. सौ.ने चष्मा लावून तो नीट वाचला. म्हणाली, “यात साप्ताहिक सुटी कुठाय?”

कारखान्यात चौतीस वर्षे सुटी भोगलेल्या माणसाला ती लिहायची आठवली नव्हती. आता लिहिली आहे. तिची रविवारी, माझी बुधवारी.

वाचकहो, हा अंक तुम्ही बहुधा चकली चावत वाचत असाल. आतून कढईचा आवाज येतो आहे का? येत असेल, तर अंक इथेच मिटा आणि उठा. आत जाऊन “काही मदत करू का?” असे मात्र विचारू नका. एवढेच म्हणा: “ऊठ, आता माझी पाळी.”