विरोधालाही शिस्त लागते

'मोर्चा' म्हटलं की मुलांना दगडफेकच आठवते. कारण मोर्च्यामागची मेहनत आपण त्यांना कधी सांगतच नाही.

७ ते ९ जुलै २००८ या काळात जपानच्या होक्काइदो बेटावर, तोया सरोवराजवळ जी-८ देशांची शिखर परिषद भरली होती. नेते डोंगरावरच्या हॉटेलात आणि भोवती हजारो पोलीस. मग विरोध करणाऱ्यांनी काय केलं? दोन दिवस आधीच, ५ जुलैला, सापोरो शहरात मोठा मोर्चा काढला. सरोवराच्या परिसरात तंबूंच्या छावण्या उभारल्या. परदेशी पाहुण्यांसाठी दुभाषे, सगळ्यांचं जेवण, कुणाला अटक झालीच तर कायद्याची मदत, हे सगळं आधी ठरवावं लागतं. तिथल्या ऐनू आदिवासींनी तर १ ते ४ जुलैला देशोदेशींच्या आदिवासींची वेगळी परिषद घेतली.

जी-८ परिषद काही थांबली नाही, हे खरं. पण आपलं म्हणणं लोकांपुढे ठेवता आलं.

परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांचे गट करून विचारा: मागणी काय? परवानगी कोणाची? पाणी कोण देणार? कचरा कोण उचलणार? चार जणांना सोबत घेऊन, कारण सांगून 'नाही' म्हणता येणाऱ्या मुलाला दगड उचलावा लागत नाही.