विश्लेषण : वृद्धाश्रम चांगला की नुसता देखणा? गोंदियातील कुटुंबांनी नेमके काय तपासावे?

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया हा धानाचा जिल्हा. शिकलेली मुले नागपूर, रायपूर, हैदराबादकडे जातात. महाराष्ट्र एक्स्प्रेस तर थेट पुण्यापर्यंत नेते. मागे उरतात ती सत्तरी ओलांडलेली आई, गुडघे धरलेले वडील आणि दोन-चार एकर बांध्या. घरी कोणी पाहायला नाही, म्हणून वृद्धाश्रमाचा विचार पुढे येतो. पण हा विषय गावात अजूनही हलक्या आवाजात बोलला जातो. त्यामुळे निवड घाईत होते. कोणाच्या तरी ओळखीवर, नाहीतर मोबाइलवर आलेले फोटो पाहून.

कायद्याने काय दिले आहे?

‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण अधिनियम, २००७’च्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम असावा, त्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय व्हावी, असे म्हटले आहे. मात्र राज्य सरकार असे आश्रम उभारू ‘शकेल’ अशी शब्दरचना आहे. ‘उभारलेच पाहिजेत’ अशी नाही. राज्याने १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली, तीही स्वयंसेवी संस्थांच्या भरवशावर. १३ डिसेंबर २०१८ रोजी ‘अश्वनी कुमार’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यातील वृद्धाश्रमांची आणि तेथील सोयींची माहिती गोळा करण्यास सांगितले. म्हणजे कायदा होऊन ११ वर्षांनीही मूलभूत माहिती एकत्र नव्हती.

मग दर्जावर लक्ष कोणाचे?

खरी अडचण येथेच आहे. वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा सक्तीचा करणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. पण २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही रद्दबातल झाले. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम केले. त्यात रुंद दारे, चाकाची खुर्ची जाईल अशी लिफ्ट, न घसरणाऱ्या फरशा यांचा समावेश आहे. पण ते विक्रीसाठी बांधलेल्या घरांपुरते. भाड्याच्या इमारतीत एखादी संस्था चालवते त्या आश्रमाला ते लागू नाहीत. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर तिचे हिशेब तपासले जातात. आजीला रात्री कोण उठवून बसवते, हे नाही. परिणामी तपासणी अधिकाऱ्याचे काम कुटुंबाच्याच गळ्यात पडते.

पाहणी करताना काय बघावे?

कायद्यासोबतच्या केंद्राच्या आदर्श नियमावलीतील मोजमाप येथे हाताशी ठेवावे. झोपण्याच्या खोलीत माणशी साडेसात चौरस मीटर, तर स्वयंपाकघर, भोजनगृह वगैरे धरून माणशी १२ चौरस मीटर जागा. म्हणजे दहा फूट बाय बाराच्या खोलीत एकच जण नीट राहू शकतो. तेथे चार खाटा दिसल्या तर प्रश्न विचारलाच पाहिजे.

पाहणीला एकदा कळवून आणि एकदा न कळवता जावे. दुसरी भेट संध्याकाळी सातनंतरची असावी. दिवसा सगळीकडेच माणसे असतात; रात्री किती जणांमागे एक कर्मचारी आहे, तो जागा असतो की झोपतो, हे महत्त्वाचे. खाटेपासून संडासापर्यंत स्वतः चालून पाहावे. वाटेत उंबरठा आहे का, धरायला दांडी आहे का, रात्री दिवा राहतो का, फरशी ओली असते का? पूर्व विदर्भातला मे महिना ध्यानात घेऊन वीज गेल्यावर पंखे-कूलर कशावर चालतात, हेही विचारावे.

आजारपणात काय होते?

‘डॉक्टर येतात’ या उत्तरावर थांबू नये. कोणत्या वारी येतात, औषधे कोण देते, त्याची नोंद कुठे होते, ती वही बघायला मागावी. दर महिन्याचे वजन लिहिलेले असेल तर काळजी घेतली जाते, असे समजायला हरकत नाही. कारण म्हातारपणी खाणे कमी झाल्याचे पहिल्यांदा वजनातच दिसते. गोंदिया शहरात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावकडून तेथे पोहोचायला वेळ लागतो. रात्री गाडी कोणाची, सोबत कोण जाणार, हे आधीच ठरलेले हवे. सत्तरीपुढच्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. ते कार्ड काढलेले असावे. आणि सर्वांत अवघड प्रश्न : माणूस अंथरुणाला खिळला, विसरभोळा झाला, तर ठेवून घेणार की ‘घेऊन जा’ म्हणणार?

जेवण, भाषा आणि मोकळीक

या भागातला माणूस भातावर वाढलेला. नागपूर-पुण्याच्या आश्रमात दोन्ही वेळा पोळी वाढली जाते आणि ताट तसेच परत जाते. घरात झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी बोलणाऱ्या आजीला तिचे बोलणे समजणारे एक तरी माणूस लागते. मोबाइल स्वतःजवळ ठेवता येतो का, भेटीला ठरावीक वारच आहे का, फाटकाबाहेर जाऊ देतात का? बँकेचे पासबुक आणि एटीएम कार्ड कोणाच्या कपाटात असते? ही उत्तरे व्यवस्थापकाकडून नव्हे, तेथे राहणाऱ्या दोघा-तिघांकडून, एकांतात घ्यावीत.

करार आणि शेतजमीन

अनामत किती, सोडून गेल्यास किंवा मृत्यू झाल्यास परत किती, मासिक शुल्क कधी वाढणार, डायपर-औषधांचा खर्च वेगळा का, हे सारे लेखी हवे. ‘आयुष्यभर सांभाळू, जमीन नावावर करा’ असे कोणी म्हटले, मग तो मुलगा असो वा संस्था, तर सही करण्याआधी थांबावे. कलम २३ नुसार सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मिळवता येते. मात्र २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट सिद्ध व्हावी लागते, असे म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये ‘उर्मिला दीक्षित’ प्रकरणात ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला. शहाणपण यातच की अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी.

तक्रार कुठे?

निर्वाहाचा आणि कलम २३ खालचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करता येतो. तेथे वकील लागत नाही. निर्वाहाच्या अर्जावर नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो. आश्रमातील वागणुकीबद्दल जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाकडे जाता येते. ‘एल्डरलाइन’चा १४५६७ हा मोफत क्रमांक आई-वडिलांच्या मोबाइलमध्ये आजच नोंदवून ठेवावा.

यादीतले सगळे जुळले तरी लगेच कायमचा निर्णय घेऊ नये. बहुतेक चांगले आश्रम महिनाभर राहून पाहू देतात. रोवणी आटोपल्यावरचा एखादा महिना त्यासाठी बरा. महिना संपल्यावर ‘कसे वाटले’ हे मुलांनी ठरवू नये. ज्यांना तेथे राहायचे आहे, त्यांना विचारावे. आणि ते ‘नको’ म्हणाले, तर ते ऐकण्याची तयारी ठेवूनच विचारावे.