निवेदक गावचा, मजकूर मालकाचा

मार्च 2018 मध्ये अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत स्थानिक वृत्तनिवेदकांनी कॅमेऱ्यासमोर एकच मजकूर शब्दशः वाचला. खोट्या बातम्या लोकशाहीला घातक आहेत, असा त्याचा सूर. तो लिहून आला होता मालकाकडून, सिंक्लेअर ब्रॉडकास्ट ग्रुपकडून. या चित्रफिती शेजारी-शेजारी लावून कुणीतरी दाखवल्या, तेव्हा देश हादरला.

1971 मध्ये बाल्टिमोरमधल्या एका दूरचित्रवाणी केंद्रापासून सुरू झालेला हा स्मिथ कुटुंबाचा उद्योग. आज देशभर त्याची दीडशेहून अधिक केंद्रे आहेत. प्रेक्षकाला मात्र दिसतो तो आपल्या गावचा, वर्षानुवर्षे ओळखीचा चेहरा. आमचा आक्षेप नेमका इथे आहे: हा विश्वास त्या निवेदकाने कमावलेला असतो आणि मालक तो परस्पर वापरतो.

मालकाचा असा हस्तक्षेप जुनाच आहे. एप्रिल 2004 मध्ये निवेदक टेड कॉपेल यांनी एबीसी वाहिनीवरच्या ‘नाइटलाइन’ या कार्यक्रमात इराकमध्ये मारल्या गेलेल्या अमेरिकी सैनिकांची नावे वाचली. सिंक्लेअरने एबीसीचे कार्यक्रम दाखवणाऱ्या आपल्या केंद्रांवर तो कार्यक्रम दाखवूच दिला नाही. जॉन मॅकेन यांच्यासारख्या रिपब्लिकन सिनेटरनेही त्याचा जाहीर निषेध केला.

ट्रिब्यून मीडिया ही केंद्रांची मालक कंपनी विकत घेण्याचा सिंक्लेअरचा 3.9 अब्ज डॉलरचा सौदा 2018 मध्ये फिसकटला. त्या सौद्याच्या चौकशीतून 2020 मध्ये नियामकाकडून 4.8 कोटी डॉलरचा दंड बसला. कंपनीला तो सोसवला. म्हणूनच एका कंपनीच्या केंद्रांच्या मालकीवरची मर्यादा आणखी सैल करण्याची मागणी अमेरिकी नियामकाने आता साफ फेटाळली पाहिजे.