जागा नाही

१४ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांची खोली गेली, ५०० चौरस फुटांचे घर आले. अशा वेळी घरोघरी काय काय घ्यायचे याच्या याद्या होतात. काय घ्यायचे नाही, याची यादी कुणी करत नाही.

शंभरेक वर्षांपूर्वीच्या या चाळींत एका इमारतीत ८० खोल्या आणि संडास सामाईक. त्या हालांचे गोडवे आम्ही गाणार नाही. चाळसंस्कृती म्हणजे काय, ते पाण्यासाठी पहाटे उठलेल्या बाईला विचारावे. पण ती खोली एक काम चोख करायची. सोफा घ्यायचा? जागा नाही. हप्त्यावर आणखी एक कपाट? जागा नाही. पिऊन यायचे, तर पॅसेजच्या दोन्ही बाजूंच्या उघड्या दारांसमोरून यावे लागे. (तेच डोळे कामावरून उशिरा परतणाऱ्या मुलीवरही रोखलेले असत. ती खोड जुन्या इमारतीबरोबरच पाडून टाकावी.) आता लिफ्टमधून कोण कुठल्या अवस्थेत वर गेले, कुणाला कळत नाही. खोलीने दिलेला नकार यापुढे माणसाला स्वतः द्यावा लागेल.

वरळीला असा नकार परका नाही. इथल्या कितीतरी बौद्ध घरांत म्हटले जाणारे पंचशील म्हणजे पाच गोष्टींपासून दूर राहण्याचा निश्चय. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही ‘करणार नाही’ला मोठे स्थान आहे, दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्यातलीच. कर्ज काढून सण करू नका, हे गाडगेबाबा कीर्तनातून सांगत राहिले. अशा ‘नाही’त मोठे व्यवहारज्ञान आहे. पहाटे पाचला उठण्याचा संकल्प रोज नव्याने पाळावा लागतो आणि तिसऱ्या दिवशी बारगळतो. हप्त्यावर घर सजवायचे नाही, हे एकदा ठरले की फर्निचरवाल्याशी बोलणेच खुंटते.

आम्हीही यंदा एक गोष्ट टाळली आहे. या अंकात वार्षिक राशिभविष्य नाही. काही वाचक रागावतील, जाहिरातवाले आधीच रागावले आहेत. त्या पानांवर चाळीतल्या बायकांनी स्वतः लिहिलेले घरखर्चाचे हिशेब छापले आहेत.