गोठ्यातले हिरवे शेत

नाताळ जवळ आला की घरोघर मुलांची एकच धांदल उडते. गोठ्यासाठी हिरवळ हवी! पत्र्याचे डबे, जुन्या ताटल्या गोळा होतात, आई मूठभर नाचणी वा गहू काढून देते, आणि ओसरीवर चिमुकले शेत पेरले जाते. असीसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावी नाताळच्या रात्री गोठा मांडला, ही कथा वाचकांस ठाऊक आहेच. फ्रान्सच्या दक्षिणेस प्रोव्हांस प्रांतात संत बार्बराच्या सणादिवशी, म्हणजे ४ डिसेंबरला, बशीत गहू रुजत घालतात. आमची रीत त्याहून फारशी निराळी नाही.

परंतु पुष्कळ घरांतून हे शेत सणाच्या आदल्या दिवशी पिवळे पडून आडवे होते व त्यास कुबट वास सुटतो. गेल्या नाताळात आमच्याच घरी असे घडले. दोष बियाण्याचा नव्हता. सकाळी थोरली पाणी घाली, दुपारी धाकटा घाली, आणि सायंकाळी, कोणी घातले नसेल अशा समजुतीने, आम्ही स्वतः तांब्या उपडा करीत होतो! ताटलीस भोकही नव्हते. अखेर गोठ्यात सुके पिंजर पसरून वेळ निभावून न्यावी लागली. धाकटा मध्यरात्रीच्या मिस्साला रुसूनच आला.

मुळांस पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधील पोकळी सदैव पाण्याने भरलेली राहिली म्हणजे मूळ गुदमरून कुजते व बुरशी माजते. म्हणून डब्याच्या तळाला खिळ्याने पाचसहा भोके पाडावीत, मातीत थोडी वाळू मिसळावी, आणि पेरण्यापूर्वीच माती भिजवून घ्यावी. धान्य रात्रभर भिजवावे. थंडीत उगवण मंदावते, तेव्हा १२ डिसेंबरच्या सुमारास पेरलेले बरे. मोड येईपर्यंत वर ओले गोणपाट असावे, नंतर डबा उजेडात ठेवावा. पाणी सकाळीच द्यावे, तेही बोट लावून माती कोरडी लागली तरच. ओतू नये. बोटांनी शिंपडावे, किंवा परातीत दोन बोटे पाणी घेऊन डबा त्यात ठेवावा. वरची माती ओलीने काळसर दिसली की उचलून निथळू द्यावा. परातीत विसरू नये!

कोवळ्या मुळांभोवती पांढरी लव दिसते, तिला बुरशी समजून कित्येकजण सारे फेकून देतात. पाणी शिंपडताच लव बसते. बुरशी तशी बसत नाही.

नाचणी गेली तर मूठभरच गेली. परंतु पावसाळ्यापूर्वी ओसरीवर खोक्यांतून मिरची, वांगी, टोमॅटोची रोपे करणाऱ्यांचे याच चुकीने खरे नुकसान होते. दाट पेरलेली, संध्याकाळी भिजवलेली रोपे जमिनीलगत बारीक होऊन एका रात्रीत ओळीने कोलमडतात. कोलमडलेले रोप पुन्हा उभे राहत नाही. बियाणे विकत घेतलेले असते, आणि दुसऱ्यांदा पेरावे तर लावणीची वेळ टळते. अशी रोपे मातीसकट काढून टाकावीत, पाणी आवरावे, उरलेल्यांस वारा लागू द्यावा. लावणीपूर्वी आठवडाभर पाणी कमी करीत जावे व हळूहळू उन्हाची सवय करावी. मात्र उपटण्याच्या काही तास आधी चांगले भिजवावे, म्हणजे मुळांशी माती धरून राहते.

यंदा आमच्या घरी पाण्याचे काम एकट्या धाकट्याकडे आहे. डब्याला सहा भोके त्याने कालच पाडून ठेवली.