अंदाज खात्याचा, जोखीम शेतकऱ्याची

फेब्रुवारी संपता संपता हवामान खाते मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज जाहीर करते. आपण तो चहाबरोबर वाचतो, 'यंदा उन्हाळा कडक दिसतो' म्हणतो आणि पंख्याची धूळ पुसायला घेतो. पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशाच्या मैदानात मात्र तेव्हा गहू ओंबीवर आलेला असतो. दाणा भरण्याचे हेच दिवस. ऊन अवेळी तापले, की पीक घाईने पिकते आणि दाणा सुरकुततो.

२०२२ सालचा मार्च आठवा. १९०१ पासूनच्या नोंदींत देशाचे सरासरी कमाल तापमान इतके कोणत्याच मार्चमध्ये नव्हते. पंजाब-हरियाणात सुरकुतलेल्या दाण्याची मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ टक्क्यांपर्यंत वाढवून केंद्राला गहू घ्यावा लागला. युक्रेनच्या युद्धाने बाजारभाव २,०१५ रुपयांच्या हमीभावावर गेले होते. आधीच्या वर्षी ४३३ लाख टन झालेली सरकारी खरेदी १८८ लाख टनांच्या आसपास थांबली. १३ मे रोजी निर्यात बंद झाली. शहरातल्या घरखर्चाचा विचार करता तो निर्णय समजण्यासारखा होता. पण वजनात गेलेले भावात भरून काढण्याची शेतकऱ्याची वाट त्याने अरुंद केली.

पुढच्याच वर्षी फेब्रुवारी तापला. पुन्हा उष्म्याची धास्ती होती, आणि मार्चमध्ये आली ती गारपीट! पश्चिमी झंझावातांनी उभा गहू आडवा केला. यात खात्याला हसण्याचे कारण नाही. तीन महिन्यांचा अंदाज ही शक्यता असते. कोणत्या आठवड्यात कोणाच्या शेतावर गारा पडतील, हे तो सांगत नाही.

प्रश्न वेगळाच आहे. गहू पेरला जातो नोव्हेंबरात, अंदाज येतो फेब्रुवारीअखेर. बियाणे, खत, कर्ज सारे तोवर जमिनीत गेलेले. हाती उरते ते एखादे हलके पाणी. पेरणी लवकर करावी, तर शेतात भात उभा. तो निघाला की पेंढा हटवायची घाई, आणि मग दिल्लीला धूर.

सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागातल्या शाखेत मी असताना एका शेतकऱ्याने विचारले होते, "सायेब, पाऊस कमी पडणार हे तुमास्नी कळलंय, मग हप्त्याची तारीख तीच कशी?" माझ्याकडे उत्तर नव्हते. बँक धोका ओळखते तेव्हा स्वतःसाठी तरतूद करते. त्याच्यासाठी तरतूद करणारा रकाना आमच्या वहीत नव्हता.

अंदाज अधिक अचूक व्हावेत, यात वाद नाही. पण उष्णता सोसणारे वाण पेरणीआधी गावात पोचणे, दाणा बारीक राहिल्याची भरपाई मिळणे आणि कर्जाची मुदत हंगामाप्रमाणे हलणे, हे अंदाजाच्या पुढचे काम आहे. ते झाले नाही, तर शेतकऱ्याला अंदाजातून फक्त काळजी चार आठवडे आधी मिळते. रेशनवरच्या गव्हाची पोळी आपल्याकडेही घरोघर लाटली जाते. तिच्यामागची जोखीम एकट्या पिकवणाऱ्याने किती वर्षे वाहायची?