पेंधरपर्यंतची खिडकी
तळोजा म्हटलं की एमआयडीसीची धुराडी, तुरुंग आणि कासाडी नदीचं काळवंडलेलं पाणी आठवतं. २०१७ मध्ये रसायनांनी निळे झालेले इथले कुत्रे तर जगभर गाजले. ते सगळं खरंच. पण नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर-पेंधर मेट्रो इथवर धावतेय, आणि पावसाळ्यात तिच्या खिडकीतून खारघरचे हिरवेगार डोंगर दिसतात, त्यांच्या अलीकडे नव्या इमारतींच्या गॅलऱ्यांत वाळणाऱ्या रंगीत साड्या. अशा साध्या दृश्यांवरून याच रायगड जिल्ह्यातल्या नागावात जन्मलेले चित्रकार प्रभाकर बरवे आठवतात; घड्याळ, पान अशा साध्या वस्तूंतून ते चित्र उभं करत. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक जरूर वाचा. पाळी संपवून निघालेला कामगार मोबाइल खिशात ठेवून डोंगराकडे बघत राहतो, तेव्हा मला तळोज्याबद्दल मनापासून आशा वाटते. कासाडीही तशीच बघत राहावी इतकी स्वच्छ व्हायला हवी, आणि ते कारखान्यांच्या हातात आहे.